आठवा

प्राचीच्या कोरड्या पात्राशी, करंजाखाली,
एक आडवी शिळा पडली आहे.
कुठल्याशा दारावरची.
दार नाही, भिंती नाहीत,
गाभारा कुणाच्या तरी विहिरीच्या कठड्यात गेला.
उरले ते दारावरचे आठ जण,
मांडी घालून, उघड्यावर.

आठच.
पहिला रवी, दोन्ही हातांत कमळं.
मग सहा जण, एका आईचे वाटावेत असे,
उजव्या हाती जपमाळ, डाव्या हाती कमंडलू,
पावसाने सगळ्यांची नाकं सारखी केलेली.
गुरू ओळखायचा दाढीवरून.
शनी कोणता? ज्याच्याकडे बघताना
आपणच आधी नजर वळवतो, तो.
आणि आठवा राहू:
नुसतं डोकं, सुळे, दोन पंजे,
पंजात अर्धा चंद्र
चोरलेल्या खोबऱ्याच्या वाटीसारखा.

नववा कधी नव्हताच.
जुन्या लोकांना आठ पुरत, बापा म्हणायचा.

मग वादळाच्या वर्षी माड आडवे झाले,
पोरं सुरतेच्या मागांवर गेली,
आणि पुरीहून आलेल्या ज्योतिष्याने
शिळेवरून दोनदा बोट फिरवलं.
गावाला कारण सापडलं. केतू नाही!
घरटी वीस रुपये जमले,
आणि अपर्ती महारणाच्या, म्हणजे माझ्या बापाच्या, दारात
ट्रॉलीतून उतरला मुगुनी पाथराचा हिरवट काळा ठोकळा.

बापाने आधी सुतळीने राहूची मान मोजली.
धड त्याचंच तर बनवायचं होतं.
"ज्याने हे डोकं केलं," तो म्हणाला,
"त्याने उरलेलं अंग माझ्यावर टाकलं.
मजुरी मात्र घेऊन गेला."

अडीच महिने.
मी पाणी मारायची, भुकटी पुसायची.
शेपटीला वळण सापडेना, तेव्हा तो उठला
आणि प्राचीच्या पात्रातून दिवसभर चालून आला,
जिथे जिथे नदी वळायची तिथे तिथे वळत.
तसं मग सापाचं अंग आलं.

खवले मी घातले.
आमच्या घरात बायका छिन्नी धरत नाहीत.
बापा म्हणाला, खवले म्हणजे काही देव नव्हे,
देवाचे कपडे. घाल.
तीनशे बारा आहेत. एक चुकलाय.
कुठला ते सांगणार नाही.

स्थापनेच्या आदल्या रात्री ग्रहण लागलं.
चुली विझल्या, हांड्यांवर तुळशी पडल्या,
कुंभारवाड्यातून थाळ्या बडवल्याचा आवाज.
आणि माझा बाप करंजाखाली,
एका बाजूला राहू, दुसरीकडे अजून न बसवलेला केतू,
मधे बसून पखाळ खात होता,
कांदा फोडून, मिरची चावून.
उदयनाथ पुजारी लांबूनच ओरडला,
अरे वेळकाळ बघ!

बापाने वर बघितलं.
चंद्राचा कोपरा गेला होता.
मग डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं.
"दोघंही इथेच आहेत की," तो म्हणाला,
"मग वर कोण गिळतंय?"

यावर पुजाऱ्याकडे उत्तर नव्हतं,
किंवा असेल, पण थाळ्यांच्या आवाजात ऐकू आलं नाही.

आता नऊ आहेत.
पोरं आली नाहीत. माड नवे लावले.
आठांवर तेलाची, हळदीची पुटं,
आणि शेवटी हा, कोरा, धारदार कोपरांचा,
लग्नघरात चुकून शिरल्यासारखा अवघडलेला.
नव म्हणजे नऊ. नव म्हणजे नवाही.
ते नवेपण जावं म्हणून
बापा रोज सकाळी त्याच्यावर
पखाळाचं आंबट पाणी ओततो,
शेवाळ धरावं म्हणून.

परवा त्याच्या काखेच्या खळगीत
मला नखाएवढं हिरवं दिसलं.
बापाला सांगितलं नाही.
त्याचं त्यालाच सापडू दे.